सखोबाचा कोरडा पखवाज

आपल्या पणजोबांनी त्यांच्या पणजोबांकडून ऐकलेली ही गोष्ट. तेव्हा आसरवाडीत सखोबा नावाचा एक कोष्टी राहायचा. पोटापाण्यासाठी तो लुगडी विणायचा आणि दर शनिवारी संध्याकाळी मारुतीच्या देवळात भजनाला पखवाज वाजवायचा, तो निव्वळ हौसेनं. पण त्याच्या बोटांना शनिवारपर्यंत धीर कुठला! जेवताना ताटावर ताल, बोलताना मांडीवर ताल. बायको म्हणायची, "अवो, आधी घास गिळा, मग वाजवा."

पखवाजाच्या डाव्या तोंडाला भिजवलेली कणीक थापावी लागते. तरच तो घुमतो, नाहीतर फुटक्या मडक्यासारखा वाजतो. भजन संपलं की ती कणीक खरवडून गाईला घालायची, असा गावचा रिवाज होता.

मग दुष्काळ पडला. एकेक घर ओस पडू लागलं. शनिवारचं भजन मोडलं तर सगळं गाव उठेल, ओसाड पडेल, अशी लोकांची समजूत. म्हणून त्यांनी पोटाला चिमटा काढला, पण पखवाजापुरते गहू जपले. तेही सरत आले. शेवटच्या मुठीची कणीक भिजवून सखोबा देवळात बसला.

पायरीवर एक परगावची बाई तान्हं मूल घेऊन बसली होती. ती हळूच म्हणाली, "दादा, भजन झाल्यावर ती कणीक खरवडून टाकता न्हवं? मला द्याल का? अंगावर दूध ऱ्हायलं न्हाई."

भजन संपेपर्यंत तिला ताटकळत ठेवणं काही सखोबाला जमेना. त्यानं गोळा तिच्या ओंजळीत ठेवला. म्हणाला, "धुनीवर भाजून घे, बाई. आत्ताच खा."

भजनाचे म्होरके रंगोबा कळवळले, "सखोबा, आरं गाव उठवतोस का काय?"

सखोबाही मनातून घाबरलाच होता. आपल्या हातून गाव मोडलं तर तोंड कुठं दाखवायचं? त्यानं डोळे मिटले आणि कोरड्या कातड्यावर थाप मारली.

असं म्हणतात, की तो पखवाज ढगासारखा घुमला. देवळातल्या समया थरथरल्या. आवाज डोंगर ओलांडून पलीकडच्या खोऱ्यात गेला. तिथं पीक बरं आलं होतं, खळ्यांवर मळणी चालली होती. त्या आवाजात तिथल्या लोकांना भूक ऐकू आली, असं म्हणतात. त्यांनी धान्याच्या गाड्या भरल्या आणि आवाजाच्या मागानं निघाले. काहीजण तर सांगतात, की गाडीवानांची वाट न बघता बैलच चालू लागले. बैलांचं खरंखोटं बैलांना ठाऊक. धान्य मात्र आलं, आणि गाव उठलं नाही.

सखोबाला जाऊन कितीतरी पिढ्या झाल्या. आसरवाडीत आजही शनिवारी कणीक भिजवली की पखवाज वाजवणारा आधी पायरीवर येऊन मोठ्यानं विचारतो, "कुणी उपाशी हाय का?" कुणी नसेल, तर कणीक पखवाजाला लागते. कुणी असेल, तर तिथंच निखाऱ्यावर त्याच कणकेचा पानगा भाजतात. त्याला सखोबाचा वाटा म्हणतात. त्या दिवशी पखवाज कोरडाच वाजतो, आणि कसाही वाजला तरी सगळं गाव शेवटपर्यंत बसून ऐकतं.