भिंगरीच्या मिशीवरचं दही

एक होती उंदरी. तिचं नाव भिंगरी. पाय चिमुकले, पोट गोल, आणि दही म्हणजे जीव की प्राण.

आईनं वाटीत चमचाभर दही ठेवलं होतं. ते होतं विरजण. ते दुधात घातलं, की सकाळी गाडगंभर दही. बाळाला दहीभाताशिवाय घास उतरायचा नाही.

भिंगरी म्हणाली, जरासं चाखते.

लप लप लप. वाटी लख्ख.

आई म्हणाली, "अगं, विरजणच खाल्लंस? आता बाळाला दही कुठलं? विकतचं आपल्याला परवडत नाही."

बाळ रडलं, ट्यँ ट्यँ. भिंगरीला फार वाईट वाटलं. मिशीवर दह्याचा ठिपका तसाच. ती निघाली, तुरुतुरु.

"गाडग्या गाडग्या, दही दे.
गाडग्याचं दही बाळाला."

गाडगं म्हणालं, "देतो, पण आधी दूध आण."

मिशीकडे बघून गाडगं हसलं. भिंगरी गेली, तुरुतुरु.

"शेळीमावशी, दूध दे.
शेळीचं दूध गाडग्याला,
गाडग्याचं दही बाळाला."

शेळी म्हणाली, "देते, पण आधी पाला आण."

मिशीकडे बघून शेळी हसली. भिंगरी गेली, तुरुतुरु.

"शेवगेदादा, पाला दे.
शेवग्याचा पाला शेळीला,
शेळीचं दूध गाडग्याला,
गाडग्याचं दही बाळाला."

शेवगा म्हणाला, "देतो, पण आधी पाणी आण."

मिशीकडे बघून शेवगा हसला. सगळे का हसतात, भिंगरीला कळेना. ती गेली, तुरुतुरु.

"हापसेकाका, पाणी दे.
हापशाचं पाणी शेवग्याला,
शेवग्याचा पाला शेळीला,
शेळीचं दूध गाडग्याला,
गाडग्याचं दही बाळाला."

हापसा म्हणाला, "देतो, पण दांडा कोण दाबणार?"

भिंगरी दांड्याला लोंबकळली. दांडा हलेना. हापसा हसला, खुर्र खुर्र. भिंगरी गेली, तुरुतुरु.

"वानरमामा, दांडा दाब.
वानराचा जोर हापशाला,
हापशाचं पाणी शेवग्याला,
शेवग्याचा पाला शेळीला,
शेळीचं दूध गाडग्याला,
गाडग्याचं दही बाळाला."

वानर म्हणाला, "दाबतो, पण आधी माझी पाठ खाजव. हात पोचत नाही."

हे तर भिंगरीला येत होतं. टुणकन पाठीवर. खर्र खर्र खर्र.

"जरा डावीकडे. अजून. हां, बास."

वानरानं दांडा दाबला, खटक खटक.
हापशानं पाणी दिलं, खळखळ.
शेवग्यानं पाला दिला, सळसळ.
शेळीनं दूध दिलं, चुर्र चुर्र.

आईनं दूध तापवलं, कोमट केलं, गाडग्यात ओतलं.

गाडगं म्हणालं, "आणि विरजण?"

सगळे भिंगरीकडे बघायला लागले. विरजण तर तिच्या पोटात. भिंगरीचे डोळे भरून आले.

आईनं तिची हनुवटी उचलली. "खादाडे, मिशी बघू तुझी."

मिशीवर ठिपका. आईनं मिशी दुधात बुडवली, बुडुक.

"एवढंसं पुरतं. आता कुणी गाडगं हलवायचं नाही."

भिंगरी आपलंच शेपूट घट्ट धरून बसली.

सकाळी गाडगंभर दही. घट्ट, गोड. बाळानं दहीभात खाल्ला, मटामटा.

भिंगरीनं आधी चमचाभर दही वाटीत काढलं. वाटीवर झाकण ठेवलं. झाकणावर स्वतः बसली. मगच आपलं दही खाल्लं, लप लप लप.

आणि मिशी? ती काही पुसली नाही. असू दे म्हणाली.

गाडगं भरलं, बाळ हसलं, विरजण उरलं. आता तुझी मिशी बघू.