चांगुणेची पाझरती घागर

डोंगरवडीच्या शाळेत टोचणीच्या दिवशी ही कथा सांगण्याचे काम चौतीस वर्षे माझ्याकडे होते. माझा वाटा तेवढाच. जे केवळ ऐकीव आहे, तेथे ‘असे म्हणतात’ असे मी आवर्जून सांगत आले आहे.

घाटाला रस्ता नव्हता, त्या काळी डोंगरवडीत चांगुणा नावाची कुंभारीण राहत असे. एका उन्हाळ्यात टोचणीवाले रावजी बाजारगावाहून देवीची लस घेऊन आले. परंतु घाटातल्या उन्हाने ती वाटेतच निकामी झाली होती. देवीची साथ आली, तेव्हा टोचूनही सात मुले दगावली. त्यांत चांगुणेचा नातू होता; मागे उरली नात, मैना.

पुढच्या उन्हाळ्यात साथ शेजारच्या वाडीपर्यंत आली. कोंडाजी पाटील रावजींना म्हणाले, “मेल्याली लस टोचायला आमची पोरं जास्तीची झाल्याती व्हय?”

चांगुणा म्हणाली, “पाटील, दोष लसीचा न्हाई, उन्हाचा हाय. मी आणते.”

“तू? तुझी गळकी घागर बाजारात कुणी फुकट घेईना.”

“गळत न्हाई, पाझरती. पाझरतं तेच गार ऱ्हातं.”

तिने मातीत लीद जास्त मळून घागर भाजली, आत लहान मडके बसवले आणि मध्ये ओली वाळू भरली. बाजारगावी जाऊन मडक्यात लसीच्या काचेच्या नळ्या ठेवल्या आणि ती तीन कोस घाट चढली. झरे आटले होते. जवळचे पाणी तिने स्वतः न पिता घागरीवर ओतले. असे म्हणतात, की ढगाचा एक तुकडा तिच्या डोक्यावरून हलला नाही. असे म्हणतात, की थेंब पडले तेथे भर उन्हाळ्यात हिरवळ उगवली.

डोंगरवडीत पोहोचताच ती कोसळली; घागर मात्र तिने सोडली नाही. रावजींनी पहिली टोचणी मैनेला केली. आठ दिवस वाडी तिच्या दंडाकडे पाहत राहिली. आठव्या दिवशी टपोरा फोड आला. लस जिवंत होती. कोंडाजींनी स्वतः आपला नातू पुढे आणला. साथ वेशीवरूनच परतली, असे म्हणतात.

अंथरुणाला खिळलेल्या चांगुणेने एवढेच मागितले, “फुडल्या बारीला आणणाऱ्यालाबी पाणी ठेवा.”

तिच्या तेराव्याला देवळात ठरले, की लस चढेल त्या दिवशी घाटाच्या सातही वळणांवर एकेका घराने भरली कळशी घेऊन उभे राहावे. आज परिचारिकेच्या खांद्यावर बर्फाची पेटी असते, तरी प्रत्येक वळणावर पाणी प्यायल्याशिवाय तिला पुढे जाऊ देत नाहीत. तेराव्याच्या त्या दिवशी देवळात सहा घरांनी होकार दिला. सातवे, सर्वांत उभ्या चढणीचे वळण कोंडाजी पाटलांनी मागून घेतले.