टायरातली हवा

कुणाची मान जरा ताठ दिसली, की ती खाली दाबायला तुमचे हात शिवशिवतात. दाबून झाल्यावर वर म्हणता, “आम्ही त्याला नम्रता शिकवली.” शिकवली कसली? एक उभा माणूस तुम्ही खाली बसवलात, एवढेच. आणि त्यानंतर तुम्हाला शांत झोपही लागली.

एका डोंगराच्या पायथ्याशी एक वृद्ध उस्ताद राहत असत. उमेदीची वर्षे त्यांनी सर्कशीत एकचाकी सायकल चालवण्यात घालवली होती. तंबू गेले, हत्ती गेले, कणा मात्र तसाच ताठ राहिला होता. त्यांच्याकडे एक तरुण शिष्या ती विद्या शिकत होती. पण तिला सपाट रिंगणात फेऱ्या मारायच्या नव्हत्या. त्याच एका चाकावर तिला डोंगर उतरायचा होता.

त्या गावी दर वर्षी डोंगरउताराची सायकल शर्यत भरे. शिष्या नाव द्यायला गेली, तेव्हा शर्यतीचे अध्यक्ष खळखळून हसले.

“अगं बाळ, ही सायकलींची शर्यत. तू मध्यंतरात ये, खेळ करून दाखव. लोकांची तेवढीच करमणूक!”

“मी करमणूक नाही, काका. मी स्पर्धक आहे.”

“असं? मग शर्यतीच्या आदल्या दिवशी खिंडीतून ओढ्यापर्यंत उतरून दाखव, सगळ्यांसमोर. वाटेत कुठं पाय टेकला, तर मध्यंतर.”

“कबूल,” ती म्हणाली.

टायर निवडायला ती गावातल्या सायकलींच्या व्यापाऱ्याच्या दुकानात गेली. उस्ताद सोबत होते, पण दारातल्या स्टुलावरच बसून राहिले. “चालवणार तू, निवडणार तू,” एवढेच म्हणाले.

व्यापाऱ्याने आधी एक अरुंद, गुळगुळीत टायर काढला. रस्त्यावर वाऱ्यासारखा पळतो म्हणाला. पण डोंगरात रस्ता कुठला? तिने तो बाजूला ठेवला. मग त्याने उंच, धारदार रबरी गुंड्यांचा टायर पुढे केला. “चिखलात याचा हात कुणी धरणार नाही, ताई!” तिला खिंडीखालचा कोरडा कातळ आठवला. तिथे या उंच गुंड्या लवतील आणि ऐन वेळी दगा देतील. तिसरा टायर कोपऱ्यात टांगलेला होता. चार बोटे रुंद, पाठ गोलसर, गुंड्या ठेंगण्या आणि दाट. वजनाला भारी, चढावर दम काढणार हे उघड होते.

“हा,” ती म्हणाली.

उस्तादांनी मान हलवली नाही, ना होकारार्थी, ना नकारार्थी. नुसते स्टुलावरून उठले.

पुढे त्याच टायरावर सराव झाला. हवा रोज उस्ताद स्वतः भरत. ती नुसती चाक उचलून निघे.

परीक्षेच्या सकाळी खिंडीत बरीच गर्दी जमली होती. शर्यतीची बक्षिसे व्यापाऱ्याची होती, त्यामुळे तोही पंप घेऊन हजर. त्याने तिच्या टायरावर अंगठा दाबून पाहिला.

“अगं, हा तर फुसका! दगडावर रिम आपटेल. टिचकी मारली तर वाजला पाहिजे टायर!”

त्याने पंप लावला. गर्दी “अजून, अजून” म्हणू लागली. शिष्येलाही चेव आला. पंपाचे शेवटचे दट्टे तिने स्वतःच्या हाताने मारले. टायर ढोलकीसारखा वाजला. टाळ्या पडल्या. हनुवटी वर करून ती दरीकडे बघत उभी राहिली, आणि त्या क्षणी तिला तो सगळा डोंगर आपला वाटला.

इतक्यात उस्ताद पुढे आले. खाली वाकले, व्हॉल्व्हचे टोपण काढले आणि नखाने पिन दाबली. फुस्सकन हवा बाहेर पडू लागली.

“घ्या!” गर्दीतून कुणीतरी ओरडले. “उस्तादांनीच काढली पोरीची हवा!”

हशा उसळला. “बरं झालं,” अध्यक्ष म्हणाले, “जरा जमिनीवर आली.”

शिष्येच्या कानशिलांना आग लागली. इतकी वर्षे ज्यांच्या पायाशी बसले, त्यांनीच चारचौघांत असे करावे?

“उस्ताद, आत्ताच?” ती दातांतल्या दातांत म्हणाली.

“बस,” म्हणत त्यांनी खांदा पुढे केला. ती खांद्याला धरून सीटवर बसली. उस्तादांनी जमिनीलगतचा टायर निरखला, आणखी थोडी हवा सोडली. “त्या दगडावर एक उडी मार.”

तिने चाकासकट उडी मारली.

“रिम लागली?”

“नाही.”

“मग जा.”

ती गेली. रागातच गेली. एकचाकीला साखळी नसते. चाक फिरले की पॅडल फिरणारच. म्हणून उतारावर पाय मागे रेटून वेग आवरावा लागतो. आधी घसारा आला. सुटे दगड खालून सरकत होते, पण टायर त्यांच्यावर पसरून बसत होता, धरत होता. मग कातळाच्या पायऱ्या. प्रत्येक पायरीवर टायर दबे, धक्का गिळे आणि पुन्हा वर येई. डोंगराच्या कुशीतून जाणाऱ्या आडव्या वाटेवर त्याच रुंद टायराने तिला एका अंगाला ओढायला सुरुवात केली. पाय टेकतो की काय असे झाले. तिने कंबर वळवली, नजर वाटेच्या टोकाला लावली आणि चाक सरळ आणले.

ओढ्याच्या पाण्यात चाक शिरले, तेव्हाच तिने पाय खाली ठेवला.

मागाहून लोक धावत उतरले, शर्यतीतली पोरेही आपापल्या सायकली घेऊन आली. सर्वांत शेवटी काठी टेकत उस्ताद आले. ती त्यांची वाट बघत होती.

“माझी निवड चुकली होती का?”

“टायर तू उत्तम निवडलास. मीही तोच घेतला असता. दुकानात बोललो असतो, तर निवड माझी झाली असती.”

“मग हवा का काढलीत? लोक हसले, उस्ताद.”

“सगळ्यांसमोर भरलीस, म्हणून सगळ्यांसमोर काढावी लागली. पोरी, बाकीच्यांच्या सायकलीचं पुढचं चाक वाट शोधतं, मागचं रेटतं, स्प्रिंगा धक्के खातात. तुझ्या एकट्या चाकाला ही सगळी कामं आहेत. हा टायर म्हणजे तुझा तळपाय. तळपायाला खडा कळला पाहिजे. तो दगडासारखा कडक केलास, तर दगडावरून उडणारच. लोकांना वाटलं, म्हातारा पोरीचा गर्व उतरवतोय. पहिल्या दिवशी मी काय सांगितलं होतं? हनुवटी कुठं?”

“वर.”

“का?”

“खाली बघणारा खाली पडतो.”

“मग? टायर मऊ केला, तो तुला ताठ बसता यावं म्हणून. जिथं जमिनीला टेकतो तिथं मऊ राहावं. मानेशी त्याचा काय संबंध? हवा टायरातली काढायची असते, माणसातली नाही.”

ओल्या टायरावर शिष्येने तळहात ठेवला आणि तसाच राहू दिला. तिचा राग केव्हाच उतरला होता. हनुवटी मात्र होती तिथेच होती.

अध्यक्ष धापा टाकत जवळ आले. त्यांनी कपाळ पुसले, उस्तादांकडे पाहिले, मग तिच्याकडे.

“उद्या वेळेवर ये. सगळ्यांबरोबर रांगेत उभी राहा.”

“पुढच्या रांगेत,” ती म्हणाली.

“बरं. पुढच्या रांगेत.”

ओढ्यावर एक म्हातारी शेळ्यांना पाणी पाजत होती. तिने पोरीला खिंडीपासून खाली येताना पाहिले होते. आता ती अध्यक्षांमागे ओळीने उभ्या असलेल्या सायकली निरखत होती.

“एका चाकावर उतरता येतंय की,” ती म्हणाली. “मग ही बाकीची पोरं दुसरं चाक कशापायी वागवत्यात?”