गरम पंपाचे लाड

घाटात मोटार दिसली की गुराखी गुरं सोडून बघायला धावत, त्या काळची गोष्ट. नेमचंदशेठच्या मोटारीला एक खोड होती. सकाळी थंड असताना ती झटक्यात सुरू होई. पण घाट चढून चहाला थांबलं, की तापलेली गाडी पुन्हा सुरू होईना. स्टार्टर जोरात फिरे, इंजिन काही पेटत नसे. "पेट्रोलचा पंप तापलाय शेठ, आत वाफ धरलीय," म्हणत दस्तगीर मिस्त्री पंपावर ओलं फडकं ठेवत.

ते पाहून बॅटरीचा जळफळाट होई. "वा पंपराव! अडून बसायचं तुम्ही, स्टार्टर फिरवून दमायचं मी, आणि पाण्याच्या पट्ट्या तुम्हाला!"

"अगं बाई, ताप आलाय मला. यात कसला मान?"

"कळतात मला सोंगं! आता मीही आजारी पडते."

पुढच्या खेपेला तिने अंग चोरलं. स्टार्टर नुसता कण्हला, दिवे मिणमिणले. आता फडकं येणार, म्हणून ती वाट बघत राहिली.

फडक्याऐवजी पाना आला. "पंप तापला तर थांबता येतं, शेठ. बॅटरीच बसली तर थांबून काय उपयोग?"

खालच्या गावातून नवी बॅटरी आली. जुनी रस्त्याकडेच्या दगडावर बसून "अहो, धडधाकट आहे मी!" म्हणून ओरडत होती, पण ऐकतो कोण?

गाडीत बसताना शेठ हळहळले, "गुणी होती हो, मिस्त्री. इतक्या वर्षांत हिच्याकडे एकदाही बघावं लागलं नाही."