डावी कूस

एकदा पौष महिन्यात एका वृद्ध मेंढपाळाने आपल्या कळपासाठी लसूणघासाचा मळा चरायला घेतला. मोबदला नेहमीचाच ठरला: रात्री मेंढ्या मालकाच्या मोकळ्या रानात बसवायच्या, म्हणजे त्याला आयते खत. मालकाने मात्र दोन अटी घातल्या. दव उतरल्याशिवाय कळप घासात सोडायचा नाही, आणि त्याआधी मेंढ्यांना वाळल्या कडब्याची कुट्टी खाऊ घालायची.

वृद्धापाशी राखणी शिकणाऱ्या भाच्याला हे खटकले. “मामा, आधीच पोटं भरली तर घास कमी खातील. माणूस लबाड दिसतोय.”

वृद्धाने कुट्टीची पाटी त्याच्या हाती दिली. मालक दिवसभर बांधावर उभा राही, कळप वळला की तोही जागा बदली. त्याच्या बंडीच्या खिशात काहीतरी फुगलेले असे. एखादी मेंढी पळवायचा बेत आहे, असे भाच्याने ठरवूनच टाकले. संशयी माणसाला पुरावे शोधावे लागत नाहीत, ते आपणहून चालत येतात.

तिसऱ्या दिवशी त्याने आपल्या लाडक्या गाभण मेंढीला कुट्टी न देताच, दव असताना गुपचूप घासात सोडले. एकीला तरी पोटभर मिळू दे! पुढे ऊन चढल्यावर उरलेला कळप आत गेला, तेव्हा वृद्धाने विचित्रच केले. स्वतःची काठी मालकाच्या हाती दिली आणि बाभळीखाली घोंगडी टाकून तो पडला.

थोड्याच वेळात मालक तीच मेंढी बांधाकडे ओढू लागला. भाचा काठी उगारून धावला. “सोडा तिला!”

“काठी टाक आणि हिचे पुढचे पाय वर धर! पोट फुगलंय हिचं!” मालकाने खिशातून गोड्या तेलाची बाटली काढली, तेल पाजले आणि तिची कूस चोळू लागला. बऱ्याच वेळाने मेंढीने ढेकर दिली.

“कुट्टी दिली होतीस?” मालकाने विचारले. भाच्याची मान खाली गेली.

वृद्ध जवळ आला. “दवाने ओला घास रिकाम्या पोटी खाल्ला की पोट फुगतं, आणि फुगलं की आधी डावी कूस वर येते. मालक पहिल्या दिवसापासून प्रत्येक मेंढीची डावी कूस बघत होते, म्हणूनच जागा बदलत होते. ते पाहून मी काठी दिली. तुझी नजर मात्र माणसावरच खिळली. मग मेंढीकडे कोण बघणार होतं?”

दुसऱ्या दिवशी भाच्याने कुट्टीची पहिली पाटी त्या मेंढीपुढे ठेवली. दव उतरल्यावर कळप घासात शिरला, तेव्हा तो मालकाशेजारी बांधावर जाऊन उभा राहिला.