ठकूचं खाचर

पाणसुऱ्याच्या बांधावर उभं राहिलं, की एका हाताला खाडी आणि दुसऱ्या हाताला भातशेती. त्या हिरव्यात मधोमध पांढरा तुकडा दिसतो ना, पाहुणे, तो पडीक नाही बरं. दर साली त्यात भात पेरतात. उगवत काही नाही; मीठ वर येतं, कडेला थोडी मोरस, ती खाऱ्या जमिनीतली भाजी, वाढते, बस. त्याला ठकूचं खाचर म्हणतात. आणि एक ध्यानात ठेवा, या गावात देवीपुढं नारळ ठेवा, हात जोडा, पण नवस बोलू नका. गुरव उठवून लावील.

फार जुनी गोष्ट. बांधातल्या उघाडीची राखण तेव्हा ठकू आणि तिचा नवरा गोमा यांच्याकडे होती. उघाडी म्हणजे पाण्याचं दार, त्याला सागवानी फळी. भरती आली की फळी खाली, म्हणजे खाडी बाहेर राहते. ओहोटी लागली की फळी वर, म्हणजे शेतातलं पाणी निघून जातं. दोघं आळीपाळीनं हे काम करीत.

एका भादव्यात, अमावास्येच्या उधाणाला, बांध फुटला. भात पोटरीला आलेलं. अख्खा गाव चिखल, पेंढा, धोंडे घेऊन धावला. भगदाड बुजलं, पण गोमाला पाण्यानं ओढून नेलं. सापडलासुद्धा नाही म्हणे.

ठकू रडली नाही, असं सांगतात. रडली असेलही, बघायला कोण बसलं होतं? ती तशीच ओलेत्यानं देवीपुढं गेली आणि बोलली, "कापणी होईपर्यंत खाडीचा थेंब आत येऊ देणार नाही. तोवर फळी उचलणार नाही." गावाला तिचं केवढं कौतुक वाटलं!

पण भगदाड बुजवायच्या आधीच खाडी आत शिरली होती. गुडघाभर खारं पाणी भातात उभं, आणि दार बंद. भिवा नावाचा म्हातारा शेतकरी तिच्याकडे आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "ठकू, खाडी आता बाहेर नाही गं. आत आहे. ओहोटीला फळी उचल."

तिला कळत नव्हतं असं नाही. पण फळीला हात लावला की खालचं पाणी गुरगुरायचं, आणि गोमा आठवून ती हात मागे घ्यायची. शिवाय देवीला दिलेला शब्द. तो तिनं मोडायचा कसा, आणि मोडायला लावायचा कोणी? पंच बसले, उठले; फळीला हात लावायची कोणाची छाती झाली नाही. सगळ्यांचीच मती मारली गेली होती. त्यात पाऊसही त्या साली लवकर तोंड फिरवून गेला.

आधी पात्यांची टोकं पिवळी पडली, मग करपली. मीठ मुळांना पाणी पिऊ देत नाही. पायाशी पाणी असून भात तहानेनं वाळत होतं. लोंब्या धरल्या, त्या सगळ्या पळंज, आत दाणाच नाही. कापणीचा दिवस आला, तेव्हा ठकूनं नवस फेडला आणि फळी उचलली. कापायला काहीच नव्हतं. निम्मी घरं पोटासाठी परमुलखात गेली, ती परत आली नाहीत.

ठकूला कोणी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. ती डोंगरातल्या झऱ्यावरून हंडे आणून आपल्या खाचरात ओतू लागली. निदान एक रोप जगवायचं, एवढंच तिच्या मनात होतं. बाकीची शेतं चार पावसाळ्यांत धुऊन निघाली. तिचं खाचर सगळ्यांत सखल, सगळ्यांचं मीठ तिथंच येऊन मुरलं. कोंब यायचा, बोटभर व्हायचा आणि जळायचा. अकरा वर्षं तिनं हंडे वाहिले. शेवटी खाचराच्या कडेलाच ती गेली. हंडा भरलेला होता.

आजही भादव्याच्या अमावास्येला घराघरातून एकेक हंडा गोडं पाणी या खाचरात ओततात आणि मूठभर भात पेरतात. ते जगणार नाही, हे ओतणारीलाही ठाऊक असतं. मग ओहोटी लागली की गावातली सर्वांत थोरली बाई उघाडीपाशी जाते, फळी वर घेते आणि त्या पांढऱ्या तुकड्याकडे तोंड करून म्हणते, "उचलली गं, ठकू."