भुंग्याचं तोंड कुणी बघितलं?

एका टेकडीवर एक देऊळ होतं आणि देवळाच्या पायरीवर एक कुत्रा बसायचा. नाव भुंग्या. त्या गावची एक रीत होती. नवस बोलायला आलेल्या माणसानं पहिला पेढा पायरीवरच्या कुत्र्याला घालायचा. कुत्र्यानं खाल्ला की नवस पावणार. कुणी घातली ही रीत, कुणाला ठाऊक! आजे पाळत होते म्हणून नातूही पाळत होते.

आता तुम्हीच सांगा, दिवसाला वीस-वीस पेढे, सणावारी तर पन्नास, आणि कुत्र्याला कुठलं आलंय दात घासणं? आजचा चिकटा दातांवर राहायचा, त्यावर उद्याचा बसायचा. भुंग्याचं असं पाच वर्षं चाललं.

एक दिवस भुंग्यानं पेढा नुसता हुंगला आणि मान फिरवली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी एका बाईनं पेढा जबरदस्तीनं त्याच्या तोंडात कोंबला, तसा तो केकाटला आणि कोपऱ्यात जाऊन पंजानं गाल घासत बसला.

गावात बोभाटा झाला. "देव रुसला," एक म्हणाला.

"देव कशाला रुसतोय? कुत्रा माजलाय!" दुसरा म्हणाला.

पाटलांनी मिशीवरून हात फिरवला आणि निकाल दिला. "परवा जत्रा आहे. जत्रेत यानं पेढा खाल्ला तर ठीक. नाहीतर याला रानात सोडून या. कुत्र्यांना काय तोटा!"

रानात बिबट्या होता. ते पाटलांनाही माहीत होतं.

देवळाच्या दारात हार विकणारी एक माळीण होती. बाई मोठी फटकळ. भुंग्या रोज तिच्या टोपलीला टेकून झोपायचा. पाटलांचा निकाल ऐकून ती भुंग्याजवळ जाऊन बसली. तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि हळूच ओठ वर केला.

"अगं बाई गं!"

दातांवर तपकिरी थर, दगडासारखा टणक. हिरड्या लाल, सुजलेल्या. एक दाढ हलत होती आणि तिच्या मुळाशी पू झाला होता. वास तर असा की जन्मभर फुलांत बसलेल्या त्या बाईला मळमळून आलं. मग तिला रडूच कोसळलं. "पाच वर्षं माझ्याजवळ निजतोस रे," ती म्हणाली, "आणि मीसुद्धा कधी बघितलं नाही."

जत्रेच्या दिवशी टेकडीवर पाय ठेवायला जागा नव्हती. पाटलांनी माळणीच्या हातात पेढा दिला. "चार याला. तुझं ऐकतो तो."

"नाही चारणार."

"माळणी, दारातली जागा माझ्या शब्दावर आहे तुझी. जाईल ती."

"जाऊ दे," माळीण म्हणाली आणि तिनं सगळ्या जत्रेसमोर भुंग्याचा ओठ वर केला. "या, पुढं या. तुमच्या नवसांनी काय केलंय ते बघा!"

पुढच्या बायकांनी नाकाला पदर लावले. पाटील चिडले. "कुत्र्याच्या दातांचं काय एवढं? आजवर कुणी बघितलेत का?"

"नाही बघितले, म्हणून तर ही वेळ आली! पाटील, शिमग्याला तुमची दाढ ठणकत होती. आठ दिवस गालाला फडकं बांधून पेज पीत होतात. तेव्हा तुमच्या तोंडात कुणी पेढा कोंबला होता? हे मुकं जनावर, म्हणून याला कोंबायचा? नवस तुमचे आणि ठणका याला?"

गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं. पाटील लालबुंद झाले. "उद्यापासून तुझी टोपली इथं दिसता कामा नये!"

"आजपासूनच नाही दिसणार," असं म्हणून तिनं टोपली डोक्यावर घेतली, भुंग्याला काखोटीला मारलं आणि भर जत्रेतून खाली उतरली.

शेजारच्या गावात जनावरांचा वैद्य होता. त्यानं भुंग्याला गुंगीचं औषध दिलं, कुजलेले तीन दात काढले, बाकीच्यांवरचा थर खरवडला. "फार दिवस सोसलंय यानं," वैद्य म्हणाला. "कुत्रं काय, मांजर काय, दात दुखतो म्हणून सांगत नाही. आपणच बघायचं. आता गोड बंद, आणि रोज ओल्या फडक्यानं दात पुसायचे." पाचव्या दिवशी भुंग्यानं थाळीभर मऊ भात चाटूनपुसून खाल्ला.

माळीण आता टेकडीच्या पायथ्याशी बसू लागली. रोज सकाळी बोटाला फडकं गुंडाळून भुंग्याचे दात पुसायची. येणारे-जाणारे हसायचे. "बघा बघा, कुत्र्याचं मुखमार्जन!"

"हसा की," ती म्हणायची. "हसून झालं की घरी जाऊन आपल्या मांजराचं तोंड बघा."

वर पाटलांनी नवा कुत्रा आणून बसवला. पण ज्यांनी भुंग्याचं तोंड बघितलं होतं, त्यांचा हात पेढा द्यायला धजेना. एक दिवस तेलीण आली, मांजर घेऊन. मग गुराखी आला, कुत्रं घेऊन. माळीण सगळ्यांना शिकवायची. "ओठ वर करा. हिरडी बघा. वास घ्या. दुखणं दिसलं तर वैद्य गाठा, मी काही वैद्य नाही."

आणि एका दुपारी खुद्द पाटील आले. उपरण्याखाली काहीतरी वळवळत होतं. "माळणी, जरा आडोशाला ये."

"का बरं?"

"मांजर आहे. लेकीची. दोन दिवस अन्नाला शिवली नाही."

"मग आडोसा कशाला? काढा बाहेर. आणि तोंड मी नाही उघडणार. मांजर तुमची, हात तुमचे."

सगळे बघत होते. पाटील धुळीत बसले. जाडजूड बोटांनी त्यांनी मांजरीचा ओठ वर केला. वास आला, पण त्यांनी तोंड फिरवलं नाही. "हिला किती दिवस दुखत असेल गं?" ते म्हणाले.

"ते वैद्याला विचारा. आत्ता निघालात तर उन्हं उतरायच्या आत पोचाल," माळीण म्हणाली. "आणि दारातली माझी जागा झाडून ठेवा. उद्या मी आणि भुंग्या वर येतोय. कुत्र्यासाठी पेढा आणणाऱ्याला मी दारातूनच परत धाडणार. आधीच सांगून ठेवते!"

पाटलांनी मांजर छातीशी धरली आणि मान हलवली.

तात्पर्य: मुक्या जिवाला घास भरवण्याआधी त्याचं तोंड उघडून बघा, आणि "त्यात काय बघायचं" असं म्हणणारा गावचा पाटील असला, तरी त्याचं ऐकू नका.